एनडीएत जाऊन बीए? भाच्याच्या निमित्ताने

द्राक्षबाग

नमस्कार मंडळी. विषय घरगुती आहे, पण इथे फौजेतले आणि शिकवण्यातले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

माझा भाचा खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, आर्मी विंग. निवड झाली तेव्हा नाशिकरोडला बहिणीच्या सोसायटीत पेढे वाटले, चौकात बॅनर लागला, सगळं रीतसर झालं. आता त्याने पदवीसाठी सोशल सायन्स घेतलंय. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र वगैरे. म्हणजे बीए. हे कळल्यापासून घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. भावजी ओझरला एचएएलमध्ये होते, सगळी नोकरी विमानांच्या सुट्या भागांत गेली. त्यांचं एकच पालुपद, "बारावीला पीसीएम, वर गंगापूर रोडच्या क्लासला एवढे पैसे ओतले, आणि शेवटी आर्ट्स?" बहिणीला संशय की गणितात कमी पडला म्हणून तिकडे ढकलला असेल. भाचा फोनवर जास्त बोलत नाही. "मामा, त्या तासाला मजा येते," एवढंच म्हणाला.

मला स्वतःला वाटतं पोराने बरोबर केलं. पण भावजींपुढे बोलायला मुद्दे नाहीत. तेव्हा शंका दोन. बीए घेतल्याने पुढे अडतं का? आणि मुळात ज्याला बंदूक धरायची आहे त्याला ही समाजशास्त्रं शिकवून करायचं काय?

पाथर्डी_फाटा

बीएच करायचं होतं तर नाशिकचं एचपीटी कॉलेज काय वाईट होतं? घरचा डबा तरी मिळाला असता. :)

तोफखाना_निवृत्त

द्राक्षबाग, आधी भावजींना पाणी द्या.

एनडीएचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, सहा टर्मचा. आर्मीच्या कॅडेटला बीए, बीएस्सी किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स मिळतं. नेव्ही आणि एअरफोर्सवाले हल्ली बीटेकला असतात. प्रवेशाचा नियमच बघा, पीसीएमची अट नेव्ही आणि एअरफोर्सला आहे. आर्मी विंगला बारावी कुठल्याही शाखेची चालते. म्हणजे फौजेनेच दार उघडं ठेवलंय, तुमच्या भाच्याने खिडकीतून उडी मारलेली नाही.

एनडीएनंतर डेहराडूनला आयएमएत (भारतीय लष्करी अकादमी) एक वर्ष, मग कमिशन. पुढे बढतीच्या वेळी तुमचे सीआर (गोपनीय अहवाल) बघतात, कोर्समधले ग्रेड बघतात, कमांड कशी केली ते बघतात. तीस वर्षांत मला कोणी पदवीचा विषय विचारला नाही. आणि टेक्निकल शाखांचं म्हणाल तर इंजिनिअर्स, सिग्नल्स, ईएमईतल्या अधिकाऱ्यांना घडवायला फौजेच्या स्वतःच्या मोठ्या संस्था आहेत, पुण्याला सीएमई, महूला एमसीटीई, सिकंदराबादला एमसीईएमई. एनडीएतल्या पदवीवर तिथलं काम अवलंबून नाही.

मी देवळालीच्या तोफखान्याच्या स्कूलमध्ये शिकलो आणि नंतर शिकवलंही. तोफेला लागणारं गणित तिथे घोटून घेतात, सरासरी डोक्याचा माणूसही तयार होतो. बाकीच्या गोष्टींवर संध्याकाळी लिहितो, नातीला शाळेतून आणायची वेळ झाली.

शंकासुर

करिअरचं पटलं. पण दुसऱ्या शंकेला काकांनी अजून हात घातलेला नाही.

माझा चुलतभाऊ तिथून बाहेर पडलाय, त्याच्याकडून ऐकलेलं सांगतो. उजाडायच्या आत पोरं ग्राउंडवर. पीटी, ड्रिल, कधी स्विमिंग, कधी घोडे, मधे एखाद्या सीनियरने दिलेला रगडा. तिथून सायकली हाणत वर्गात येतात, पंखा सुरू असतो, आणि कोणीतरी सार्वभौमत्वाची लक्षणं सांगायला लागतं. अर्धा वर्ग गारद. हे शिक्षण नाही, विश्रांती आहे, आणि विश्रांती म्हणून माझी काही हरकत नाही.

पण २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी चार दिवस काय चाललं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. ड्रोन, क्षेपणास्त्रं, हवाई संरक्षण. एकोणीस-वीस वर्षांच्या डोक्यात जी काही जागा आहे ती सांख्यिकी, कोडिंग, इलेक्ट्रॉनिक्सला द्या. राज्यशास्त्र काय, पस्तिशीत वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजला गेल्यावरही वाचता येतं. तिथे तर मद्रास विद्यापीठाची एमएस्सीच मिळते संरक्षणशास्त्रात.

राज्यशास्त्रवाली

शंकासुर, झोपेचा मुद्दा मान्य. माझ्या कॉलेजात रगडा नसतानाही झोपतात.

मी नाशिकमध्येच राज्यशास्त्र शिकवते आणि काही वर्षं संध्याकाळी एनडीए आणि सीडीएस या भरती परीक्षांच्या मुलांचा जीकेचा तास घेते. त्यामुळे ही मुलं आत जाण्याआधी कशी असतात ते रोज पाहते. लेखी परीक्षा ९०० गुणांची. गणित ३००, जनरल ॲबिलिटी ६००. त्या सहाशेत इंग्रजी २०० आणि सामान्य ज्ञान ४००. या चारशेत इतिहास आणि स्वातंत्र्यलढा साधारण ८०, भूगोल तेवढाच, चालू घडामोडी ४०. म्हणजे सामाजिक शास्त्रं पेपरात आहेत, बऱ्यापैकी आहेत. पण चार पर्यायांच्या रूपात. काळाराम मंदिर सत्याग्रह? १९३०. पुढचा प्रश्न. यातली निम्मी मुलं पंचवटीतून गाडीवर येतात, त्या मंदिराच्या बाजूच्या गल्लीतून. सत्याग्रह पाच वर्षं का रेंगाळला, तरीही दार का उघडलं नाही, पोलिस कोणाच्या बाजूला उभे होते, हे विचारलं की म्हणतात, "मॅडम, हे येतं का पेपरला?" नाही येत.

मग एसएसबीत, म्हणजे लेखीनंतरच्या मुलाखतीच्या फेरीत, उलटंच होतं. तिथे तीन मिनिटं उभं राहून एखाद्या सामाजिक प्रश्नावर बोलायचं असतं, गटात वाद घालायचा असतो, आणि पर्याय अ-ब-क-ड कोणी देत नाही. बरीच हुशार मुलं तिथे अडकतात.

आत गेल्यावर काय होतं ते काका जास्त चांगलं सांगतील, पण फौजेतल्या ओळखीच्यांकडून एक शब्द नेहमी ऐकते, डीएस सोल्यूशन. सराव झाला की शेवटी डायरेक्टिंग स्टाफचं उत्तर येतं, आणि ते बरोबर. रात्री तुकडी कुठून न्यायची यावर तीन मतं चालत नाहीत, एक पक्की पद्धत हवीच. पण दिवसभर असंच शिक्षण घेणाऱ्या मुलाला आठवड्यातून काही तास तरी अशा वर्गात बसवा जिथे शिक्षकाच्या खिशात उत्तर नाही. माझ्या मते सोशल सायन्सचं तिथलं काम हेच. सार्वभौमत्वाची लक्षणं पाठ करून घेणार असाल तर शंकासुर म्हणतो तसं झोपू द्या.

एक उदाहरण देते. डेहराडूनची आयएमए १९३२ ला सुरू झाली. पहिल्याच तुकडीत माणेकशॉ होते, मुहम्मद मुसा होते आणि स्मिथ डन होते. पुढे तिघंही सेनाप्रमुख झाले, भारताचे, पाकिस्तानचे आणि ब्रह्मदेशाचे. एकच मैदान, एकच ड्रिल, तेच इंग्रज उस्ताद. आता बघा, पाकिस्तानात १९५८, १९७७, १९९९ ला लष्कराने सत्ता घेतली, ब्रह्मदेशात १९६२ ला. आपल्याकडे एकदाही नाही. का? हा प्रश्न वीस वर्षांच्या कॅडेटपुढे टाका आणि तास संपेपर्यंत उत्तर सांगू नका. बघू कोण झोपतं.

गोदाकाठी

भारी उदाहरण! वाचनखूण साठवली.

शंकासुर

मॅडम, उदाहरण जोरदार आहे, पण ते तुमच्याच अंगावर येतंय. तिघंही एकाच वर्गात शिकले आणि देशांचे रस्ते तीन झाले. म्हणजे अकॅडमीत काय शिकवलं याने फरक पडलाच नाही! फरक पडला तो बाहेरच्या राजकारणाने.

राज्यशास्त्रवाली

बरोबर पकडलंत. तेच तर कॅडेटला कळायला हवं.

आपल्याकडे फौज बराकीत राहिली याचं श्रेय नुसत्या शिस्तीला देऊन चालत नाही, शिस्त तिकडेही होतीच. इथे स्वातंत्र्याच्या आधीपासून गावोगाव मुळं असलेला पक्ष होता. पाकिस्तानच्या फौजेत एकट्या पंजाबचं जेवढं वजन होतं तेवढं इथे कुठल्या एका प्रांताचं राहिलं नाही. आणि काही गोष्टी जाणूनबुजून केल्या गेल्या. दिल्लीतला कमांडर-इन-चीफचा बंगला पंतप्रधानांचं निवासस्थान झाला, तेच तीन मूर्ती भवन. १९४७ लाच तिन्ही दलांना आपापले प्रमुख, एकाच्या हाती सगळं नाही, आणि १९५५ मध्ये कमांडर-इन-चीफ हे पदच गेलं. आता २०२० पासून सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचा समन्वय करणारा संरक्षण दल प्रमुख आहे, तर त्याचे अधिकार कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात यावर तावातावाने चर्चा होते. ती एवढी नाजूक का, हे मागचं माहीत असल्याशिवाय कळत नाही.

अधिकाऱ्याला कोणाचा हुकूम मानायचा हे शिकवलेलं असतंच. तो का मानायचा याची घडण त्याला दिसली तर वाईट काय?

तोफखाना_निवृत्त

आलो. माझं पोस्ट मोठं होणार, चहा घेऊन बसा.

लोकांची समजूत अशी की लेफ्टनंट युनिटमध्ये गेला की दुसऱ्या दिवशी शत्रू समोर. खरं सांगू? पहिल्या महिन्यात माझ्यासमोर जे जवान इंटरव्ह्यूला आले त्यांच्यातल्या कोणाचाही प्रश्न शत्रूबद्दल नव्हता. एकाला बहिणीच्या लग्नासाठी कर्ज. एकाची बायको माहेरी गेलेली. आणि एक गनर, आपल्याच भागातला, वडील गेल्यावर भावाने वारस नोंदीत याचं नाव लावलंच नव्हतं. सातबारा हातात घेऊन उभा. वर्षातून एकदा सुट्टीवर जाणारा माणूस, तलाठी कधी भेटायचा? आमच्याकडे पद्धत आहे, अशा वेळी युनिटकडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही कळवतात. पण पत्रात लिहायचं काय? हे प्रकरण महसुलाचं की दिवाणी कोर्टाचं? फेरफार म्हणजे काय? मी बीएस्सी, शेवटी आमच्या सुभेदारसाहेबांनी सांगितलं तसं लिहिलं. मी निदान मराठी होतो. माझ्या जागी केरळचा किंवा पंजाबचा मुलगा असता तर? आणि मला पुढे बिहार-राजस्थानचे जवान मिळाले, तिथल्या जमिनीचे कायदे आणखी वेगळे. तो गनर भावाच्या विचारात रात्री गार्डवर उभा असतो, हातात भरलेलं हत्यार घेऊन. आता सांगा, ग्रामीण भारतातली जमीन आणि नातेसंबंध हा विषय फौजेच्या कामाचा आहे की नाही?

दुसरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा लष्कर, नौदल, एनडीआरएफ सगळे उतरले होते. मी तोवर घरी बसलेला पेन्शनर, पण टीव्हीवर बघत होतो. बोट दारात आणि माणसं यायला तयार नाहीत. का, तर गोठ्यात जनावरं. बाहेरून आलेल्या जवानाला वाटणार की लोक येडे आहेत. दूध संघाच्या बिलावर घर चालवणाऱ्या माणसाला दोन म्हशी सोडून ये म्हणणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे तो वेगळ्या शब्दांत बोलतो, आणि माणूस बोटीत बसतो. संकटाच्या वेळी नागरी प्रशासनाच्या मदतीला जाणं हे फौजेचं नेहमीचं काम आहे. युद्ध दहा-वीस वर्षांतून एकदा, पूर दरवर्षी.

लष्कराची_सून

मी इथे फक्त वाचत असते. पण काकांचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही सिन्नर तालुक्यातले, मिस्टर हवालदार आहेत.

सासरे वारले तेव्हा यांना सुट्टी मिळाली ती अंत्यविधीपुरती. हे थोरले. दहावा रामकुंडावर, थोरल्याशिवाय होणार कसा? नवीन आलेले कॅप्टनसाहेब लांबच्या राज्यातले, त्यांचं म्हणणं, अंत्यसंस्कार तर झाले, आता कशाला हवेत दहा-बारा दिवस? वाईट माणूस नव्हते हो, त्यांच्याकडे तसं नसेल. सुभेदारसाहेबांनी समजावलं, सुट्टी वाढली. पण ते दोन दिवस घरात काय वातावरण होतं ते आमचं आम्हाला माहीत.

याच्या उलट आधीच्या युनिटमध्ये एक मेजरसाहेब होते. ते सुट्टीचा अर्ज बघतानाच विचारायचे, "कांदा काढायला चालला का? या वर्षी भाव काय लासलगावला?" साहेबांना कांद्याचा भाव माहीत आहे म्हटल्यावर यांची छाती फुगायची. ते काय शिकले होते ठाऊक नाही. बीए असतील कदाचित :)

गोदाकाठी

ताई, लिहीत जा. या धाग्यातलं सगळ्यात कामाचं पोस्ट.

एक मिनिट पण. तोफखानाकाका, मी दुसरीकडे वाचतोय की एनडीएची पदवी जेएनयूची असते? दिल्लीचं जेएनयू??

तोफखाना_निवृत्त

होय, तेच. सत्तरच्या दशकापासून. दरवर्षी खडकवासल्याला दीक्षान्त समारंभ होतो आणि जेएनयूच्या पदव्या देतात. डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजलाही तेच.

पाथर्डी_फाटा

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. रात्री दोन-तीन जण ग्रुप सोडतील.

गोदाकाठी

पण मग अभ्यासक्रम कोण ठरवतं? उद्या सरकार बदललं की इतिहास बदलणार का? कॅडेटच्या डोक्यात कुठल्या विचाराचं काय भरतात यावर...

संपादक

शिक्षणसंस्था आणि अभ्यासक्रम यावर बोला. पक्षांची नावं आली की प्रतिसाद उडतील. आधीच दोन उडवले आहेत.

राज्यशास्त्रवाली

गोदाकाठी, शंका रास्त आहे. थोडी माहिती अशी, की तिथले पदवीचे विषय मुख्यतः नागरी प्राध्यापक शिकवतात आणि त्यांची भरती यूपीएससीमार्फत होते. प्राचार्यही नागरी. म्हणजे सकाळी ड्रिल उस्ताद आणि दुपारी प्रोफेसर, दोन वेगळ्या जगातली माणसं एकाच मुलाला घडवत असतात. अभ्यासात नापास झाला तरी टर्म मागे जाते, त्याला रेलिगेशन म्हणतात, त्यामुळे प्रोफेसरला अगदीच कोणी विचारत नाही असंही नाही. पण मुलांच्या नजरेत वजन कोणाचं, हे वेगळं सांगायला नको.

भीती विचार भरण्याची वाटत असेल तर उलट तिथे जास्त बाजू दाखवायला हव्यात. एकच बाजू ऐकत वाढलेला माणूस पुढे कोणाच्याही भाषणाला भुलतो.

इतिहासाचा_किडा

इतिहासावर आलाच आहात तर माझे दोन पैसे.

लष्करी इतिहास म्हणजे लढायांचे नकाशे, बाण इकडून तिकडे. ते हवंच. पण फौजेत कोण होतं आणि कोणाला येऊ दिलं नाही हा इतिहास कॅडेटला कोणी सांगतं का? १८५७ नंतर इंग्रजांनी 'लढवय्या जाती' ठरवल्या आणि भरतीचा नकाशा उत्तरेकडे सरकवला. ज्या महारांनी कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली त्यांची भरती १८९० च्या दशकात बंद. पेन्शनरांनी अर्ज केले, ऐकलं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडली. शेवटी १९४१ ला महार रेजिमेंट. डॉ. आंबेडकर तेव्हा संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्यांचे स्वतःचे वडील सुभेदार. सैन्याचा पगार, सैन्याच्या शाळा, त्यातून शिकलेली एक पिढी, मग समाजात उठलेला आवाज, हा सगळा धागा सोडून महाराष्ट्राचा आधुनिक इतिहास कसा सांगणार? आणि आज ज्या लेफ्टनंटला महार, मराठा किंवा शीख पलटण मिळेल, त्याला आपल्या माणसांच्या अभिमानात काय काय मिसळलंय हे माहीत नको?

दुसरा पैसा. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र वाचा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आत्ताच उधळलात तर पुढे उपाशी मराल, घोडी मरतील, मग तुम्ही रयतेकडे जाल, कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. मग लोकांना वाटेल यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील, इथपर्यंत तपशील. रसद, शिस्त, जनमत, तिन्ही विषय एका पत्रात. हे वर्गात वाचून नुसतं विचारावं, की छावणीतल्या आगीची आणि 'मोगल बरे' या वाक्याची चिंता एकाच कागदावर का आली? सैन्य आणि समाज यांचं नातं शिकवायला परदेशी पंडित नंतर आणा, आधी हे.

शंकासुर

किड्याचं पत्र आवडलं. यात मला लॉजिस्टिक्स दिसतं, मॅडमना समाजशास्त्र दिसत असेल. चालायचंच.

वकील_शरणपूर

कायद्याची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो.

जमाव पांगवायला लष्कर बोलवायचं असेल तर हुकूम जिल्हादंडाधिकारी किंवा कार्यकारी दंडाधिकारी देतो. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहिता) ते कलम १३० होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १४९. अधिकाऱ्याने कमीत कमी बळ वापरायचं, माणसांना आणि मालमत्तेला कमीत कमी इजा, असं कायद्यातच लिहिलंय. आणि पुढचं कलम नीट वाचा. सार्वजनिक सुरक्षा उघड धोक्यात आहे आणि दंडाधिकाऱ्याशी संपर्क होत नाही, तर लष्कराचा कोणताही कमिशन्ड किंवा राजपत्रित अधिकारी स्वतः जमाव पांगवू शकतो. संपर्क होताच मात्र दंडाधिकाऱ्याचं ऐकायचं. कोणताही कमिशन्ड अधिकारी! म्हणजे द्राक्षबाग यांचा भाचा, वय बावीस, खांद्यावर दोन तारे. समोर दगड हातात घेतलेले लोक, त्यांची भाषा येत नाही, ते का चिडलेत ठाऊक नाही. त्या दहा मिनिटांत तो जे ठरवेल त्यावर पुढे वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालेल.

यात राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ घाला, ज्याने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा आणू शकते. १९५८ चा अफ्स्पा, म्हणजे सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा घाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो वैध ठरवला, पण सैन्याच्या 'काय करावं, काय करू नये' या सूचना बंधनकारक आहेत असंही सांगितलं. जिनिव्हा करारांसाठी आपला १९६० चा कायदा आहे. १९७१ ला ९३,००० युद्धकैदी सांभाळले ते या चौकटीत. कायदा पाठ असून भागत नाही, समोरचा समाज वाचता यावा लागतो.

नांदूरकर_आई

माझी मुलगी अकरावीत आहे, तिला एनडीएच करायचंय. नाशिकला २०२३ पासून मुलींसाठी शासनाची सेवापूर्व शिक्षण संस्था (एनडीएची तयारी करून घेणारी) सुरू झाली, त्यामुळे आमच्याकडे सगळ्या मैत्रिणींत हाच विषय. २०२१ ला सुप्रीम कोर्टाने परीक्षेचं दार उघडलं, २०२२ ला पहिल्या मुली आत गेल्या आणि मे २०२५ मध्ये १७ जणी पास आऊट झाल्या. मला प्रश्न पडतो, सत्तर वर्षं फक्त मुलांची असलेली जागा आहे ती. मुली आल्यावर तिथल्या मुलांना, उस्तादांना, कोणी काही शिकवलं असेल ना? संडास-बाथरूम वेगळे बांधणं सोपं. हे कोणत्या विषयात येतं?

राज्यशास्त्रवाली

समाजशास्त्रात येतं, आणि तुमचा प्रश्न मी उद्या माझ्या वर्गात जसाच्या तसा विचारणार आहे.

शंकासुर

बरं, मी माझी हार वगैरे मानत नाही, पण प्रश्न बदलतो. काकांचा सातबारा, ताईंचा दहावा, वकिलांचं कलम, किड्याचं पत्र, सगळं मान्य करू. मग हे फक्त बीएवाल्यांनाच का? कलम १४९ लागू होताना जमाव विचारणार आहे का, साहेब तुम्ही बीए की बीएस्सी? जे प्रत्येक अधिकाऱ्याला लागतं ते एका शाखेत कोंडून ठेवायचं, आणि वर गणितात कच्चे ते तिकडे अशी कुजबुज चालू द्यायची, यात कुठलं शहाणपण? मला तर वाटतं निम्मा दोष त्या शाखेच्या पाटीचाच आहे. आणि बीएवाल्या पोराला सांख्यिकी का नको? जनगणनेचा तक्ता समोर ठेवला तर त्याला वाचता येतो का?

राज्यशास्त्रवाली

हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी एवढं टाइप केलं नसतं. शंभर टक्के सहमत, सांख्यिकीसकट. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत सोशल सायन्सेसचा स्वतंत्र विभाग कित्येक दशकांपासून आहे आणि इंजिनिअर होणाऱ्या कॅडेटलाही राज्यशास्त्र-अर्थशास्त्र चुकत नाही. ब्रिटनच्या सँडहर्स्ट अकादमीतही वर्तनशास्त्राचा विभाग आहे. त्यांची नक्कल करा असं म्हणत नाही, त्यांच्या सैन्यांनीही दुसऱ्यांच्या देशात जाऊन समाज न वाचता काय गोंधळ घातले ते जगाने पाहिलंय. पण तिथे हे विषय कोणाची पळवाट मानले जात नाहीत, एवढं खरं.

अर्थशास्त्राचं एक राहिलंच. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. अग्निपथ का आलं आणि त्यावर गावागावात एवढी चिडचिड का, हे दोन्ही एकदम समजायला हा आकडाही लागतो आणि सिन्नरचा पारही.

द्राक्षबाग

सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

काल भावजींना धागा वाचून दाखवला. तोफखानाकाकांचं सीएमई-महूचं वाचल्यावर जरा निवळले. "हे आधी का नाही सांगितलं" म्हणाले. मुसा आणि स्मिथ डनचं ऐकून मोबाइल मागून घेतला आणि रात्री उशिरापर्यंत काहीतरी शोधत बसले होते. बहिणीला फक्त लष्कराच्या_सुनेचं पोस्ट आवडलं. गणिताचा संशय अजून आहेच तिच्या मनात, तो काही जाणार नाही.

एक शेवटचं. भाच्याला परदेशी भाषा निवडायची आहे. घरी फ्रेंच घे म्हणतात, पुढे उपयोगी पडेल म्हणून. काका, तुमचं काय मत?

तोफखाना_निवृत्त

अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन, यातलं मिळतं तिथे. मिळत असेल तर चिनी घ्यायला सांगा. चीन सीमेवर चुशूल, नथू ला, बूम ला इथे दोन्हीकडचे अधिकारी टेबलावर समोरासमोर बसतात, आणि तिकडच्या माणसाची भाषा येणारे आपल्याकडे कधीच पुरेसे नसतात. अवघड आहे, ग्रेड खाली येईल, ते आधीच सांगून ठेवा. म्हणजे बहिणीचा संशय वाढणार नाही.

शंकासुर

चिनीला +१. पण बीएस्सीवाल्या पोरांचं काय करायचं ते राहिलंच.

राज्यशास्त्रवाली

वेगळा धागा काढा, येते मी तिकडे. आत्ता पेपर तपासायचे पडलेत.